शुद्ध गुरुजी आणि कोरड्या ग्रहाची राणी

शुद्ध गुरुजींना दोन घसे होते. एक शाळेचा आणि एक घरचा. शाळेच्या घशातून ‘आहे’, ‘नव्हते’, ‘कृपया’ असे इस्त्री केलेले शब्द यायचे, तेही थोडे नाकातून. शाळा सुटली की गुरुजी सायकलवर टांग टाकायचे आणि फाटकातून बाहेर पडता पडता समोर दिसेल त्याला हाक मारायचे, "काय रे भो, कोठे जाई ऱ्हायना?" म्हणजे समजायचं, घसा बदलला. नंदुरबारकडच्या गावांत असे मास्तर ज्यांनी पाहिलेत त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. पण आमच्या गुरुजींइतका इमानदारीनं घसा बदलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांचं खरं नाव गावात कुणी घेत नसे. ‘शुद्ध बोला’ हे त्यांचं पालुपद, म्हणून ते शुद्ध गुरुजी. वर्गात कुणाच्या तोंडून अहिराणीतला ‘शे’ निसटला की ते छडी उचलत नसत. दाराकडे बोट दाखवून म्हणत, "जा, चूळ भरून ये." मग त्या पोरानं बाहेर माठापाशी जायचं, चूळ भरायची आणि आत येऊन तेच वाक्य ‘आहे’ लावून म्हणायचं. उन्हाळ्यात वर्गातल्या निम्म्या पोरांची जीभ मुद्दाम घसरायची, कारण माठाजवळ निंबाची सावली होती. गुरुजींना हे कळायला दोन वर्षं लागली. सगळ्यात जास्त चुळा मी भरल्या असतील, आणि त्यातल्या निम्म्या अगदी खऱ्या होत्या. घरी कुणी ‘आहे’ म्हणतच नव्हतं, तर माझ्या तोंडात तो येणार कुठून?

सातवीनंतर बापानं माझी शाळा बंद करायची ठरवली. मी मायबरोबर पथारीवर जावं, असं त्याचं म्हणणं. मिरची वाळवायची जी मोकळी मैदानं आमच्याकडे आहेत, त्यांना पथारी म्हणतात. लाल मिरचीचे ढीगच्या ढीग पडलेले असतात आणि बाया दिवसभर बसून देठ खुडतात. गुरुजी एका दुपारी नाकाला रुमाल बांधून तिथं आले, मायसमोर उकिडवे बसले आणि घरच्या घशानं म्हणाले, "बहिन, पोरले शाळामा ऱ्हाऊ दे. हिनं डोकं चालस." शिंका देत देत अर्धा तास बोलले बिचारे. तेवढ्यात त्यांचे डोळे मिरचीपेक्षा लाल झाले. मायनं देठ खुडता खुडताच मान हलवली आणि माझी शाळा वाचली. हे उपकार मी विसरलेले नाही. विसरता आले असते तर हे लिहायचं कामच पडलं नसतं.

पुढे मी कॉलेज केलं, इंग्रजी घेऊन बी. ए. झाले आणि गावच्याच वाचनालयात लागले. गुरुजी निवृत्त झाले, त्यांची बायको गेली, मुलगा नाशिकला. मग ते रोज दहाच्या ठोक्याला वाचनालयात यायचे, खडीसाखरेचा खडा गालात धरायचे आणि पेपर मोठ्यानं वाचायचे. मनातल्या मनात वाचणं त्यांना पटतच नसे. "अक्षर कानावर पडलं पाहिजे," असं ते म्हणत. बाकीचे वाचक वैतागून माझ्याकडे बघायचे. मी काय करणार? त्यांनीच मला अक्षर शिकवलेलं.

वाचनालयाला कुणीतरी जुन्या इंग्रजी पुस्तकांची एक पेटी देऊन टाकली होती. पानं पिवळी, कडा वाळवीनं खाल्लेल्या. बहुतेक सगळ्या शंभर वर्षांपूर्वीच्या विज्ञानकथा. ढगांवर वसवलेलं शहर, बर्फाखाली सापडलेलं जहाज, आणि एक कोरड्या ग्रहाची गोष्ट. त्यात तिघे जण लोखंडी गोळ्यात बसून दूरच्या ग्रहावर जातात. तिथलं सगळं पाणी आटलेलं असतं, माणसं मेलेली असतात. उरलेली असते एक म्हातारी राणी. शेवटच्या विहिरीवर पहारा देत बसलेली. मी त्या गोष्टी संध्याकाळी मायला सांगायचे. तीस वर्षं मिरचीची धूळ खाऊन तिचा घसा गेला होता, खोकला हटत नव्हता, पथारी सुटली होती. घरी बसून ती कंटाळायची. आणि मायला सांगायचं म्हणजे अहिराणीतच, दुसरं काय!

एकदा गुरुजी काही कामानं घरी आले आणि दारातच थांबले. आत मी राणीचं बोलणं सांगत होते. लोखंडी गोळ्यातून माणूस उतरतो, राणी त्याला न्याहाळते आणि पहिला प्रश्न विचारते, "तुन्हा गावमा पानी शे का?" गुरुजी उंबऱ्यावर बसले आणि हसायला लागले. मग हसता हसता त्यांनी बोट उचललं. मला वाटलं, आता चूळ भरायला पाठवतात. तर म्हणाले, "सुमन, आपला मानूस चांदवर जाई तं तठे काय पुस्तकनी भाषा बोली? हाई बठ्ठं रेकॉर्ड करूत." त्या दिवशी त्यांचा घरचा घसा रात्रीपर्यंत बंद झाला नाही.

त्यांनी आपल्या घराच्या मागच्या खोलीत दोऱ्या बांधून चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. आत बनियनवर बसायचे, डोक्यावर ओलं फडकं, गालात खडीसाखर, हातात मोबाइल. मी वहीत अहिराणी उतरवून द्यायची, ते वाचायचे. आणि काय वाचायचे! ज्या माणसानं आम्हाला आयुष्यभर नाकातून कविता शिकवल्या, त्याच्या तोंडून आता म्हसावदचा शेतकरी, नवापूरचा ड्रायव्हर, आमच्याच गल्लीतली भांडखोर म्हातारी असे सगळे अंतराळात जायला निघाले. ग्रहावरच्या स्वारांसाठी घोड्यांच्या टापा हव्यात म्हणून गुरुजी सारंगखेड्याच्या यात्रेला गेले आणि घोडेबाजारात जमिनीशी मोबाइल धरून तासभर ओणवे बसले. लोकांना वाटलं म्हातारबुवांचं काही हरवलंय. दोघांनी शोधायला मदतही केली.

एकदा ऐन रंगात शेजारच्या म्हशीनं आत हंबरडा पाठवला. मी म्हटलं, पुन्हा करू. गुरुजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे वं. तठे काय म्हशी नही ऱ्हातस?" ती म्हैस तशीच राहिली.

राणीसाठी मात्र त्यांना स्वतःचा आवाज पसंत पडेना. तीनदा वाचून बघितलं, तिन्ही वेळा मान हलवली. मग एक दिवस माय मला बोलवायला तिथं आली आणि दारातून ओरडली, "भाकरी थंडी व्हई ऱ्हायनी!" खरखरीत, तळाशी गेलेला, मिरचीनं भाजलेला आवाज. गुरुजींनी खडीसाखर गिळलीच. "बहिन, आत ये. तूच राणी." माय म्हणाली, "मी काय राणी शे का? मन्हं डोकं फिरनं नही अजून." पण आली. तिला वाचता येत नव्हतं. मी एकेक वाक्य कानात सांगायची, ती म्हणायची. मध्येच खोकायची, पाणी मागायची, हसत सुटायची, की पुन्हा पहिल्यापासून. एका गोष्टीला वीस दिवस लागले. त्या वीस दिवसांत ती जितकी बोलली तितकी माझ्या बापासमोर उभ्या आयुष्यात बोलली नसेल.

गुरुजींनी मोबाइलवर एक चॅनल काढलं आणि गोष्टी त्यावर चढवल्या. पहिल्या आठवड्यात गावातल्या टवाळांनी पारावरून हाका मारल्या, "गुरुजी, चूळ भरी या!" गुरुजींनी ऐकू न आल्यासारखं केलं. पण पथारीवर स्पीकर लागला. बाया देठ खुडता खुडता ऐकायला लागल्या. पाड्यावरून कामाला येणाऱ्या ज्या बायांना शाळेची मराठी परकी वाटे, त्याही ऐकायच्या. सुरतला गिरणीत गेलेल्या आमच्या पोरांचे फोन यायचे, "गुरुजी, पुढे काय व्हयनं? राणीनं पानी दिधं का?" माय पथारीवर भेटायला गेली की बाया तिला बसायला पोतं टाकायच्या आणि म्हणायच्या, "उनी राणी," म्हणजे आली राणी. ती लाजून पदर तोंडाशी धरायची. तिला इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती.

गुरुजींची एक पद्धत होती. मूळ रेकॉर्डिंग फक्त त्यांच्या संगणकात असे, ते कुणाला देत नसत. मागणाऱ्याला चॅनलची लिंक. माझ्याही मोबाइलमध्ये लिंकच. "चार हातांत गेलं की चार तऱ्हा होतात. लोक मागचं पुढे करतात, अर्धवट पाठवतात. वस्तू एका हाती असावी," असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलेलं होतं. अहो, ज्या माणसानं चाळीस वर्षं शाळेचा एक नकाशा फाटू दिला नाही, त्याच्या हातात वस्तू सुरक्षित नाही तर कुणाच्या?

दिवाळीनंतर माय गेली. खोकल्यानंच गेली. गुरुजी तिरडीमागून अनवाणी चालले आणि घरी येऊन माझ्याजवळ नुसते बसून राहिले. त्यानंतर रोज दिवेलागणीला मी ती लिंक उघडायची. माय विचारायची, "कसाले उना रे आठे? तुन्हा गावमा पानी शे का?" मी स्वयंपाक करता करता उत्तर द्यायची, शे माय, शे. वेडेपणा म्हणा हवं तर. मला त्याची लाज नाही.

त्याच सुमारास गुरुजींचं वाचनालयात येणं कमी झालं. विचारलं तर म्हणाले, घसा बसलाय. मग एकदा येऊन माझ्या सगळ्या वह्या घेऊन गेले. "शुद्धलेखन तपासून ठेवतो," म्हणाले. मी खूश! वर पिशवीही दिली, वह्या भिजू नयेत म्हणून. त्या दिवशी ते माझ्याशी पहिल्यापासून शेवटपर्यंत शाळेच्या घशानं बोलले, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी बावळट. विश्वास टाकला की माणसाचे कान बंद होतात.

फाल्गुनातल्या एका संध्याकाळी लिंक उघडली, तर पडद्यावर लिहून आलं की हे आता उपलब्ध नाही. मला वाटलं रिचार्ज संपला. शेजारणीच्या मोबाइलवर बघितलं, तेच. सकाळी पथारीवर गेले तर बायाच मला विचारायला लागल्या, "ताई, राणी बंद पडनी का वं?" मी तशीच गुरुजींच्या घरी गेले. मागच्या खोलीतल्या गोधड्या उतरवलेल्या होत्या. भिंतींना राखाडी रंगाचे फोमचे तुकडे चिकटवलेले, टेबलावर उभा माइक. गुरुजी इस्त्रीच्या शर्टात. मला बघून म्हणाले, "ये, बस. तुला आनंदाची बातमी द्यायचीच होती."

बातमी अशी होती. पुण्याच्या एका ऐकायच्या पुस्तकांच्या अ‍ॅपवाल्यांचा फोन आला होता. आवाज उत्तम आहे, गोष्टी उत्तम आहेत, हेच प्रमाण मराठीत करून द्याल का, असं त्यांनी विचारलं. एवढंच विचारलं होतं. जुनं काढा असं ते बोललेसुद्धा नव्हते, हे गुरुजींनीच मला सांगितलं. गुरुजींनी दोन-अडीच महिने गुपचूप बसून माझ्या वह्यांवरून सगळ्या गोष्टी शाळेच्या घशानं पुन्हा वाचल्या. आणि मग जुन्या चॅनलवरून काढून टाकल्या. संगणकातूनही.

"का पण?" मी विचारलं.

"अगं, मोठी माणसं आता माझं नाव शोधणार. त्यांना ते जुनं सापडलं तर? त्यात फार दोष होते."

"आणि माय?"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "राणीचा आवाज पुण्याच्या एका मुलीनं दिला आहे. फार स्वच्छ आवाज आहे. तुझ्या आईचे उच्चार, तुला माहीतच आहे... सुमन, मी आयुष्यभर मुलांना शुद्ध शिकवलं. तो फोन आला तेव्हा मला इतकी लाज वाटली."

लाज! पथारीवर शिंका देत बसलेला, घोड्यांच्या पायाशी ओणवा झालेला, म्हशीला अंतराळात नेणारा माणूस, आणि त्याला लाज वाटली. मी म्हटलं, "गुरुजी, ती मन्ही माय व्हती." त्यांनी चटकन दाराकडे पाहिलं. कुणी ऐकलं तर नाही ना, असं. त्या एका नजरेनं मला जे भाजलं, ते अजून निवलेलं नाही.

घरी येऊन मी ते नवीन ऐकलं. म्हणजे रडत रडत ऐकलं. सुरुवातीलाच भाषांतर म्हणून माझं नाव आहे, स्पष्ट, आडनावासकट. नाव गाळलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. गुरुजी वाचतात छान, अक्षर न् अक्षर जागेवर. आणि मग राणी विचारते, "तुमच्या ग्रहावर जल उपलब्ध आहे का?" मी पथारीवरच्या बायांना ऐकवलं. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं. एक म्हातारी देठ खुडत म्हणाली, "हाई राणी तं बँकमा नोकरी करस असं वाटस." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण कुणी पुढचं लाव म्हणालं नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तू हे सगळं कोणत्या भाषेत लिहिते आहेस? गुरुजींनी शिकवलेल्याच. ते मलाही कळतं. अहिराणीत लिहायला बसले तर हात अडखळतो आणि मी कुणी न सांगता माठाकडे बघते. म्हणून तर त्यांचा राग पुरता करता येत नाही. जी लाज त्यांनी मला दिली ती त्यांना कुणीतरी आधी दिलेली असणार. पण मी त्या लाजेपायी कुणाची माय पुसली नाही. तेवढा फरक आमच्यात आहे, आणि तो मी सोडणार नाही.

पावसाळ्यानंतर गुरुजी कायमचे नाशिकला मुलाकडे निघाले. निघण्याच्या दिवशी वाचनालयात आले. सहा महिन्यांनी समोरासमोर. हातातला पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि उभेच राहिले.

"संगणक विकायला काढताना सापडलं," ते म्हणाले. "रेकॉर्डिंगमधून कापलेले तुकडे वेगळे टाकत होतो, ते राहून गेले होते. गोष्ट नाही त्यात. नुसतं खोकणं, चुकणं. मी उघडलं, पण ऐकायचा धीर झाला नाही." मग म्हणाले, "मन्हं चुकनं, सुमन." अहिराणीत म्हणाले, आणि या वेळी दाराकडे बघितलं नाही. मी उठून त्यांच्या पाया पडले. पण ‘जाऊ द्या’ असं म्हणाले नाही. ते तेवढ्यासाठीच थांबले होते, हे मला दिसत होतं. तरी म्हणाले नाही.

घरी येऊन कानाला लावलं. वीसेक मिनिटांचं आहे. राणीचं एकही धड वाक्य नाही त्यात. माय खोकते. माय म्हणते, "पानी दे वं." मी काहीतरी कानात सांगते, ती चुकते, आम्ही तिघं हसतो. माय म्हणते, "गुरुजी, आते घर जाऊ का?" असं चाललंय. आणि शेवटच्या तुकड्यात मी नाहीच. बहुतेक पाणी आणायला गेले असेन. माय आपल्या माघारचं हळूच विचारते आहे.

"गुरुजी, हाई मन्ही पोरले आयकाले ऱ्हाई ना? मी गऊ तरी?"

"ऱ्हाई बहिन, जलमभर ऱ्हाई. मी शे ना," गुरुजी म्हणतात. "बरं, आते राणीनं वाक्य परत म्हन. हाई बोलनं मी काढी टाकसू."